पद्मिनीच्या पोटाखालचं डांबर: एका गाडीचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण आमच्याच गॅरेजमधलं आहे, कोल्हापुरातलं. मालकिणीची परवानगी घेऊन लिहितोय, त्यांचं नाव, गाव आणि गाडीचा नंबर गाळलाय. जुनी गाडी उभी करताना इंजिन, रंग, क्रोम यावर सगळे बोलतात पण गाडीखालचं जुनं अंडरकोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून मारलेला डांबरी थर, काढायचं काम कसं जातं, कुठे फसतं, हे कुणी नीट सांगत नाही, आणि खरं तर गाडी जगणार की नाही ते तिथंच ठरतं.

पार्श्वभूमी

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, फिकट निळा रंग. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात डॉक्टरांनी ती नवी घेतली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं व्हिजिटला हीच गाडी, रात्री-अपरात्री, पावसात, तांबड्या मातीच्या कच्च्या रस्त्यावरून. डॉक्टर गेल्यावर ती घराला लागून असलेल्या शेडमध्ये दहा-अकरा वर्षं उभी होती. त्यांच्या पत्नी निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेला त्या दिवशी बाईंनी ठरवलं की गाडी द्यायची नाही, चालती करायची.

फेब्रुवारीत गाडी फ्लॅटबेडवर आंबा घाटातून कोल्हापूरला आली. बाईंची अट एकच होती, पावसाळ्याआधी गाडी घरी पाहिजे आणि परत गेल्यावर ती समुद्राच्या हवेत टिकली पाहिजे.

डॉक्टरांनी गाडी मनापासून सांभाळली होती हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या सांभाळण्यातूनच झालंय. बाईंनी बिलांची फाईल आणली होती. त्यात चार वेळा अंडरकोटिंग केल्याची बिलं होती, पहिलं १९८४चं, शेवटचं २००६चं. शिवाय दर मे महिन्यात खालून जळकं ऑइल मारायचं, जे कोकणात तेव्हा सगळेच करायचे.

आम्ही काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, दाराखालच्या सिलच्या पेट्या, मधला बोगदा, चाकांच्या कमानी हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं आणि तेच गाडीचा सांगाडा. म्हणजे खालचा पत्रा गेला की नुसता पत्रा जात नाही, गाडीची ताकद जाते.

गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला, खाली सगळं काळंभोर, जाड, एकसारखं. कुठे भोक नाही, कुठे पत्रा लोंबत नाही. मी बाईंना फोनवर सांगितलं की खालून गाडी चांगली आहे, कोटिंग काढून नवीन मारायला आठ दिवस लागतील, अठरा हजार होतील. हा अंदाज मी हातात स्क्रूड्रायव्हर न घेता दिला. आमच्याकडचे पत्र्याचे मिस्त्री, मामा, ते त्या दिवशी रजेवर होते. ते दुसऱ्या दिवशी आले, गाडीखाली गेले, स्क्रूड्रायव्हरची मूठ उलटी धरून सिलवर ठोकत गेले. चांगल्या पत्र्यावर टणटण आवाज येतो. इथं थप्प, थप्प. मग टोच्या घेऊन अंगठ्याच्या जोरानं दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"मालक, ह्यो पत्रा न्हाई, पापड हाय. डांबरानं धरून ठेवलाय."

म्हणजे जे मला दिसत होतं तो पत्रा नव्हताच, पत्र्याच्या आकाराचं डांबर होतं.

थर कसे होते

मागच्या डाव्या चाकाच्या कमानीतून हाताच्या पंजाएवढा तुकडा आम्ही अख्खा काढला आणि बाकावर ठेवून पाहिला. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे, नवीन गिऱ्हाईक आलं की दाखवतो. सगळ्यात वर २००६चा रबरासारखा थर, नखानं दाबला तर दबतो. त्याच्याखाली जळक्या ऑइलची चिकट साय. त्याच्याखाली तांबडी माती, जांभ्याची, चक्क दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, आणि हाताला ओलसर. गाडी दहा वर्षं शेडमध्ये उभी आणि माती ओलसर! मग त्याखाली जुनं कडक डांबर, भेगा पडलेलं, काचेसारखं तुटणारं. आणि शेवटी तपकिरी पापुद्रे, पुस्तकाच्या पानांसारखे सुटणारे, जे कधीकाळी पत्रा होते.

मधली ती मातीची पट्टी बघितली की सगळा प्रकार कळतो. कुणीतरी कधीतरी गाडी खालून न धुता, किंवा पाण्याचा फवारा मारून न वाळवता, थेट मातीवरच कोटिंग मारलं. डांबरी कोटिंग जुनं झालं की वाळतं, त्याला बारीक भेगा जातात, कडेनं ते पत्र्यापासून सुटतं पण पडत नाही, आणि पत्रा आणि कोटिंग यांच्यामधल्या त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं. कोकणात त्या पाण्यात आणि हवेत मीठ. वरून कोटिंग असल्यामुळे पाणी वाळत नाही. उघडा पत्रा पावसात भिजतो आणि उन्हात वाळतो तरी, हा कायम भिजलेला राहतो. आणि त्यावर अजून एक थर मारला की आतलं पाणी पक्कं बंद.

दुसरी गोष्ट मामांनी दाखवली ती मला जास्त लागली. सिलच्या पेटीला आणि दारांच्या तळाला कंपनीनं पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात. ती सगळी डांबरानं बुजली होती. दाराच्या काचेवरून उतरणारं पाणी दारात साचायचं, सिलमध्ये शिरलेलं पाणी तिथंच राहायचं. म्हणजे सिल बाहेरून नाही, आतून कुजली होती. ज्या माणसानं गाडी वाचावी म्हणून चार वेळा पैसे मोजले त्याच्या गाडीचं हे झालं, हे बाईंना कसं सांगायचं याचा मी एक दिवस विचार केला. सांगितलं मग, फोटो पाठवून. त्या म्हणाल्या, "त्यांची काही चूक नव्हती ना?" मी म्हणालो, "नाही बाई, त्यांची नव्हती. मारणाऱ्यानं खाली बघितलं नाही." आणि मीही बघितलं नव्हतं, तेही सांगितलं, अठरा हजारांचा अंदाज मागे घेतला.

पर्याय

इथं बसून नीट विचार केला. काहीच न काढता वरून नवीन कोटिंग, हा पर्याय बाजारात सर्रास चालतो, गाडी विकायची असेल तर लोक तेच करतात. तो पहिल्यांदाच बाद.

सँडब्लास्टिंग. कोल्हापूर म्हणजे फाउंड्रीचं गाव, उद्यमनगर आणि शिरोलीत ब्लास्टिंगवाले भरपूर, त्यामुळे सगळ्यांनी तेच सुचवलं. पण ती मशिनं कास्टिंगसाठी, आणि गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. वाळूच्या किंवा शॉटच्या माऱ्यानं पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि सपाट भाग फुगतो, मग तो कधीच सरळ होत नाही. वाळू पेट्यांमध्ये शिरते आणि वर्षानुवर्षं गळत राहते, ओल धरून ठेवते. आणि मुख्य म्हणजे मऊ कोटिंगवर वाळू चालतच नाही, ती उडून परत येते, रबरावर गोटी मारल्यासारखी. वाळूच्या धुळीनं फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस वेगळाच. तेव्हा बॉडी द्यायची नाही, पण सुटे जाड भाग, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे आर्म, मागच्या ॲक्सलचं घर, चाकाच्या डिस्क, हे हातानं डांबर काढून मग ब्लास्टिंगला द्यायचे असं ठरलं.

ड्राय आइस ब्लास्टिंग. गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या गोळ्या, उणे ७८ अंश, डांबर ठिसूळ होऊन उडतं आणि गोळ्यांची वाफ होते म्हणून मागे कचरा फक्त डांबराचा. पद्धत फार सुंदर आहे, पण ती गंज काढत नाही, फक्त उघडा करते, आणि आमच्या बजेटमध्ये ती बसत नव्हती.

केमिकल स्ट्रिपर. मिथिलिन क्लोराइडवालं स्ट्रिपर रंगावर जोरात चालतं पण गाडीखाली उताणं झोपून, तोंडावर थेंब पडत असताना, बंद शेडमध्ये ते वापरणं म्हणजे जीवाशी खेळ, ते श्वासातून जाऊन शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार करतं. नाही म्हणजे नाही.

राहिलं काय, तर उष्णता, पट्टी, रॉकेल आणि हात. आणि ग्राइंडरला वायरचा कप ब्रश, जो सगळ्यांना आधी आठवतो.

पहिले दोन दिवस

इतका विचार करूनसुद्धा पहिल्या दिवशी आम्ही घाई केली. फेब्रुवारी संपत आला होता. गॅरेजमधल्या पोरानं ग्राइंडरला कप ब्रश लावला आणि मऊ डांबरावर चालवला. ब्रशच्या घर्षणानं डांबर वितळलं, ब्रशमध्ये भरलं आणि पत्राभर पातळ काळा लेप फासला गेला. वरून धूर आणि बारीक काळी धूळ. मी ते बंद केलं, कारण जुन्या डांबरी कोटिंगमध्ये ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे फुप्फुसाला घातक असलेले, तंतू मिसळायची पद्धत अनेक देशांत होती आणि आपल्या या गाडीच्या कोटिंगमध्ये ते नाहीत असं समजायला आपल्याकडे काही आधार नाही. तेव्हापासून नियम: कोरडी धूळ उडेल असं काही करायचं नाही. खरवडायचं, ओलं ठेवायचं, नुसतं धुळीचं फडकं नाही तर बारीक कणांसाठीचा चांगला मास्क लावायचा, कपडे घरी न्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांनी ब्लो लॅम्प लावला, ते तीस वर्षं असंच करत आलेत. मागच्या फ्लोअरवर खालून ज्योत धरली, डांबर छान सुटायला लागलं, आणि दोन मिनिटांत गाडीच्या आतून धूर. आतला गालिचा काढला होता पण त्याखालचं तागाचं फेल्ट मागच्या सीटखाली चिकटून राहिलं होतं, ते आतून धुमसायला लागलं. ओलं पोतं टाकून विझवलं, कुणाला काही झालं नाही. पेट्रोलची टाकी आदल्याच दिवशी उतरवली होती म्हणून. ती गाडीत असती तर हे प्रकरण लिहायला मी बसलो नसतो.

इथं आम्ही काम दोन दिवस थांबवलं आणि सगळं परत ठरवलं. ज्योत बंद. फक्त हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. आतून गाडी पूर्ण उघडी करायची, वायरिंग, फेल्ट, ब्रेकचे पाइप, पेट्रोलचा पाइप, सगळं बाहेर. जिथं उष्णता चालू आहे तिथं त्या दिवशी रॉकेल नाही, आणि जिथं रॉकेल लावलंय तिथं दुसऱ्या दिवसापर्यंत उष्णता नाही. रॉकेलचे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

दार बसेना

उताणं झोपून काम करणं अवघड म्हणून आम्ही अँगलची फिरती फ्रेम केली होती, पुढून आणि मागून बॉडीला बोल्ट लावून गाडी कुशीवर वळवायची. पहिल्यांदा वळवली, पुन्हा सरळ केली, आणि सहज ड्रायव्हरचं दार लावायला गेलो तर लागेना. फट वर बंद झाली होती, खाली उघडली होती. सिल कुजलेल्या, मधली ताकद गेलेली, आणि आम्ही गाडी दोन टोकांना टांगली. बॉडी मधून बसली होती, चार-पाच मिलिमीटर.

सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोठी चूक. कोटिंग काढणं हे साफसफाईचं काम आहे असं समजून चाललो होतो, पण कुजलेल्या मोनोकॉक बॉडीत, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेल्या गाडीत, ते डांबरसुद्धा थोडाफार आधार देत असतं, आणि गाडी किती कुजलीय हे कळायच्या आत तिला टांगायची नसते.

गाडी खाली घेतली, सस्पेन्शनच्या मूळ जागांखाली चार स्टँड दिले, जॅकनं मधून हळूहळू उचलत चारही दारांच्या फटी टेपनं मोजत परत जागेवर आणल्या. मग दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड केले, डावी-उजवी बाजू एकमेकांना बांधली, आणि त्यानंतर दारं उतरवली. यात अख्खे पाच दिवस गेले. फिरती फ्रेम परत वापरली, पण सिल नवीन बसल्यावरच.

खरवडण्याचं काम

यात हुशारी काही नाही, पण हात कसा चालतो ते सांगण्यासारखं आहे. हीट गन पत्र्यापासून वीतभर लांब, एका जागी न थांबवता फिरवत ठेवायची. डांबर चमकायला लागलं, किंचित सुस्तावलं की गन बाजूला आणि पट्टी लगेच. धूर दिसला म्हणजे जास्त झालं, मग ते पातळ होऊन पसरतं आणि वासही डोक्यात जातो. कमी तापलं तर पट्टी घसरते आणि तुकडे तुटतात. मधली अवस्था पकडली की डांबर लांब सालासारखं निघतं, काकडी सोलावी तसं. मामांनी हॅक्सॉच्या जुन्या पात्यांच्या टोकाला धार लावून चार रुंदीच्या पट्ट्या केल्या, कोपरे गोल घासून, म्हणजे पत्र्यात ओरखडा जात नाही. जोडांच्या खाचेत लाकडी पटाशी.

मऊ थराखालचं जुनं कडक डांबर मात्र गरम करायची गरजच पडली नाही, ते थंड असतानाच चांगलं. सकाळी लवकर, गाडी गार असताना, पट्टी आडवी धरून हलकी हातोडी मारली की कपच्या उडतात. मग आम्ही काम वाटून घेतलं, सकाळी कडक थर, दुपारी मऊ थर.

आत फ्लोअरवर आवाज कमी करायला चिकटवलेल्या डांबरी शीट असतात, त्या वेगळ्या. त्यासाठी पुण्याहून थर्मोकोलच्या पेटीत ड्राय आइस मागवला, पोचेपर्यंत बराच उडून गेला होता पण उरलेला पुरला. तुकडे शीटवर पसरायचे, वर पोतं, सात-आठ मिनिटं, मग रबरी हातोडी. फाटकन फुटतं, बिस्किटासारखं. हातात जाड मोजे पाहिजेत आणि शेडची दारं उघडी पाहिजेत, कारण तो वायू जड असतो, खाली साचतो, आणि माणूस खालीच बसलेला असतो.

शेवटचा तपकिरी लेप रॉकेलनं मऊ करून पुसायचा, मग थिनरनं. इथं आमची एक परीक्षा होती: पांढरं सुती फडकं थिनरमध्ये बुडवून पत्र्यावर घासायचं. फडक्यावर चहाच्या रंगाचा डाग आला तर अजून डांबर आहे. डांबराचा अंश राहिला तर त्यावर प्रायमर धरत नाही आणि वरच्या रंगातून महिन्याभरात तपकिरी डाग वर येतात. एकेका भागाला चार-चार वेळा पुसावं लागलं. बाई मध्ये एकदा बघायला आल्या होत्या, त्यांनी स्वतः फडकं घेऊन एक कोपरा घासला आणि डाग दाखवून म्हणाल्या, "हे अजून झालेलं नाही." झालेलं नव्हतंच.

निघालेलं डांबर आणि माती मिळून ३१ किलो भरली. ती आणि रॉकेलचे बोळे झाकणाच्या ड्रममध्ये ठेवून घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारक माणसाकडे दिली. गटारात एक थेंब जाऊ दिला नाही, कारण इथलं गटार शेवटी पंचगंगेलाच जातं आणि तिची अवस्था आम्ही रोज बघतो.

वळवाची सर

एप्रिलच्या शेवटी आम्ही खूश होतो. उजवा अर्धा फ्लोअर आणि पुढचा भाग पूर्ण चकचकीत पांढऱ्या पत्र्यावर आणला होता आणि विचार असा की सगळी गाडी अशी करायची आणि मग एकदाच प्रायमर मारायचा, म्हणजे जोड दिसणार नाहीत. संध्याकाळी वळीव आला. शेडमध्ये पाणी आलं नाही, पण हवा ओली झाली. सकाळी अख्खा पत्रा नारिंगी. तीन दिवसांचं काम पुन्हा.

त्यानंतर जेवढं संध्याकाळपर्यंत इपॉक्सी प्रायमरखाली जाईल तेवढंच सकाळी उघडायचं. गंज राहिलेल्या खड्ड्यांना फॉस्फरिक ॲसिडवालं द्रावण, ते नीट धुवायचं, हीट गननं वाळवायचं आणि लगेच प्रायमर. चासी नंबरच्या भोवतालचा भाग मात्र मी स्वतः केला, नुसता कपड्यानं, ना पट्टी ना ॲसिड. तो नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडीची ओळखच संपते.

किती काढायचं

यावर माझं आणि मामांचं खरं मतभेद झाले. माझं म्हणणं सगळं काढू. मामांचं म्हणणं जिथं कंपनीचा मूळ थर अजून पत्र्याला घट्ट आहे तिथं हात लावू नको, तो आपल्यापेक्षा चांगला बसलाय, काढताना पत्रा खराब होईल. ठोकून बघितलं, टणटण येत होता. शेवटी बोगद्याचा वरचा भाग आणि मागच्या दोन्ही कमानींचे आतले कोपरे, जिथं पट्टी धड पोचतही नव्हती, तिथला मूळ थर ठेवला. कडा घासून पातळ केल्या आणि त्यावर प्रायमर चढवला.

बाकी दोन्ही सिल, पुढच्या फ्लोअरचे दोन तुकडे, जॅक लावायच्या जागा आणि मागच्या पाट्याचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) उजवा हँगर बसतो तो भाग, एवढं सीआर म्हणजे थंड लाटलेल्या पत्र्यातून नवीन करून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) वेल्डिंगनं बसवलं. एका वेळी एकच सिल, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरी कापायची नाही.

परत काय लावायचं

बाईंची इच्छा होती की खालून परत तसंच काळं जाड मारावं, डॉक्टर मारायचे तसं. मी नाही म्हणालो आणि कारण सांगितलं. जाड कोटिंगखाली पुढच्या वेळी गंज लागला तर पुन्हा वीस वर्षं कुणाला कळणार नाही. मग ठरलं असं: दोन हात इपॉक्सी प्रायमर, सगळ्या जोडांना सीम सीलर, दगड उडतात त्या चाकांच्या कमानींमध्येच फक्त पातळ स्टोनचिप कोट, आणि बाकी सगळ्या तळाला गाडीचाच फिकट निळा रंग. फिकट रंगावर तांबडा डाग लांबून दिसतो. सिलच्या पेट्यांमध्ये आणि दारांच्या आत नळी घालून वॅक्स मारलं, आणि पाणी जायची सगळी भोकं तार घालून मोकळी करून दिली. मी प्रत्येक भोकाचा फोटो काढून, कागदावर गाडीचं चित्र काढून त्यावर खुणा करून बाईंच्या फाईलला लावला.

हिशेब आणि निकाल

आठ दिवसांचं काम तीन महिन्यांवर चाललं. अठरा हजारांचे एक लाख बारा हजार झाले, त्यातले बॉडी बसली तेव्हाचे पाच दिवस आणि वळवानंतरचे तीन दिवस आम्ही लावले नाहीत, ती आमची चूक होती. बाईंनी दोन वेळा विचारलं की परवडतंय का तुम्हाला. गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात घाटातून खाली गेली, स्वतःच्या चाकांवर. दारं चारही एका बोटानं लागत होती.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये मी आणि मामा मुद्दाम जाऊन आलो. गाडी अंगणात जॅकवर घेतली, खाली चटई टाकून झोपलो. सिल कोरड्या, भोकं मोकळी, एकातून वॅक्सचा थेंब लोंबत होता म्हणजे आत वॅक्स आहे. फ्लोअर निळाच्या निळा. पण मागच्या डाव्या कमानीच्या आतल्या कोपऱ्यात, जोडाजवळ, बोटभर लांब तांबडी रेघ. मूळ थर जिथं ठेवला होता तिथंच. मामांनी काही न बोलता टोच्यानं कड उचलली, थर सुटला, खाली पत्रा अजून जाड होता पण गंज सुरू झाला होता. वरच्या भागावर आवाज टणटण येत होता, पण जोडाच्या दुहेरी पत्र्यावर आवाज नेहमीच भरीव येतो, तिथं ठोकून काही कळतच नाही. हे आम्हा दोघांनाही त्या दिवशी कळलं. तिथल्या तिथं खरवडून, साफ करून प्रायमर आणि सीलर लावून आलो. उजव्या कमानीत गंज नव्हता, पण तोही थर काढला.

पुन्हा केलं तर

गाडी लिफ्टवर घेतल्यावर ठोकून आणि टोचून बघितल्याशिवाय रुपयाचाही अंदाज देणार नाही, आणि पहिल्या दिवशी फक्त तळहाताएवढ्या पाच-सहा खिडक्या उघडणार, सिल, जॅकची जागा, पाट्याचा हँगर, कमानीचा जोड. त्यावरून बाकीचं कळतं. कोटिंगचा तुकडा ॲस्बेस्टॉससाठी लॅबला पाठवणार, या वेळी आम्ही सावधगिरी घेतली पण तपासणी केली नाही, आणि पोरांच्या छातीचा प्रश्न असताना तेवढा खर्च करायलाच हवा होता. दारं उतरवायच्या आणि गाडी हलवायच्या आधी चौकटीत पाइप. गाडी आतून पूर्ण मोकळी झाल्याशिवाय खालून उष्णता नाही. काम शक्यतो दिवाळीनंतर सुरू, म्हणजे कोरडे महिने मिळतात. आणि जोडावर जुना थर कधीच ठेवणार नाही, सपाट मोकळ्या पत्र्यावर घट्ट असेल तर ठेवू, जोडावर नाही.

मामांनी ब्लो लॅम्प माळ्यावर टाकलाय. बाई दर गुरुवारी गाडी बाजारापर्यंत नेतात, ड्रायव्हर शेजारचा मुलगा असतो, आणि दर मे महिन्यात फाईलमधला तो कागद घेऊन त्याच्याकडून सगळी भोकं तारेनं मोकळी करून घेतात, मोजून चौदा.